तिनं खोडलेलं वाक्य

नाही नाही, आज नाही यायची ती. पुढच्या शनिवारीही नाही. म्हणून तर मी आलो, म्हटलं बाई वाट बघत बसतील, वर्ग खोळंबेल—हात मोडलाय हो तिचा. उजवा. मनगट आणि ही दोन बोटं, ही, पेन धरायची. तुम्ही उठू नका, बसा, मी बसतो इथं—हीच ना तिची खुर्ची? खिडकीजवळची? सांगितलं होतं तिनं. सगळं सांगते ती मला, म्हणजे सांगायची. दार मीच लावून घेतलं, जिन्यातून वारा फार येतो, तुमचे कागद उडतील. पाच वाजता येतात ना सगळे? मग अर्धा तास आहे अजून. —कुठं म्हणजे? घरी. घरी आहे, पडून आहे. झोपली असेल. तुम्ही नका काळजी करू, बायको माझी आहे, तिची काळजी घ्यायला मी आहे.

पंखा खडखडतोय तुमचा. बेअरिंग गेलंय. किती दिवस झाले असा वाजतोय? आणि तुम्ही याच्याखाली बसून लोकांना शिकवता, कुठला शब्द कानाला खटकतो ते. हसा की, गंमत केली. माझा धंदाच तो, जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देतो—पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर. आधी जळकी तार सगळी उपसून काढायची, मग नवी तार वेढा वेढा मोजत भरायची. शेकडो वेढे. मध्येच कुणी हाक मारली, आकडा चुकला, की सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. तापट माणसाचं कामच नाही ते. वीस वर्षं करतोय मी. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, कुणावर आवाज चढवला असेल मी तर. गिऱ्हाईक अंगावर आलं तरी मी हसून बोलतो. नाकासमोर चालणारा माणूस आहे हो मी. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा गैरसमज नको.

या वर्गाला तिला मीच पाठवलं. म्हणजे तिनं विचारलं, मी हो म्हटलं, तेच ना ते. आधीच्या वर्षी तिच्या दोन गोष्टी छापून आल्या होत्या मासिकात, मी अंक दुकानात ठेवला होता, गिऱ्हाइकांना दाखवायचो. मग ती म्हणाली, छापून येतं ते वेगळं आणि लिहिता येणं वेगळं, आता पुढचं शिकायचंय, एक बाई आहेत, छापून आलेल्यांनाच घेतात, आठच जण, आणि सोलून काढतात. मी म्हटलं जा. कोण नवरा म्हणतो? आणि तुमची ती पेन्सिलीची पद्धत—ती घरी येऊन सांगायची तेव्हा मला फार आवडली होती, खरं सांगतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, जे वाक्य पटणार नाही तिथं टेबलावर पेन्सिल वाजवायची. टक. बस, एवढंच. का पटलं नाही ते सांगायचं नाही, आणि वाचणाऱ्यानं तर अवाक्षर काढायचं नाही. घरी जाऊन त्यानं बघायचं, वाक्य ठेवायचं की खोडायचं. मी म्हटलं, हे आमच्यासारखंच झालं, मीटर लावायचा, काटा हलला तर हलला, वाद कसला घालायचा. एकदा तिला न्यायला लवकर आलो होतो, तेव्हा जिन्यावर बसून ऐकलंय मी सगळं. तुम्हाला नव्हतं माहीत. तिलाही नव्हतं.

त्याच दिवशी ती ते वाचत होती. माहीत आहे ना कोणतं? बाप आईला मारतो, मुलगी दाराआडून बघते, ते. चांगलं वाचत होती. आवाज जरासुद्धा हलत नव्हता. बाप आईचे केस धरतो, कपाटाच्या कडेवर तिचं डोकं आपटतो, एकदा, मग थांबतो, मग पुन्हा. इथं कुणाची पेन्सिल वाजली नाही. रक्त भुवईतून डोळ्यात उतरतं, तिला एका डोळ्यानं सगळं लाल दिसतं आणि दुसऱ्यानं नेहमीसारखं—वा, म्हणाले तुमच्या वर्गातले ते हेडमास्तर, नियम मोडून म्हणाले, मी ऐकलं ना. आणि मग ते वाक्य आलं. मला पाठ आहे. ‘मग त्यानंच कपाट उघडून बँडेज काढलं, जखम पुसली, घट्ट बांधली आणि तिच्यासाठी दूध तापवून आणलं.’ आणि टक. टक टक. मोजायची सवय आहे मला, सात वाजल्या. वाचणारी सोडली तर वर्गात उरले किती? सात. म्हणजे सगळ्यांनी. आणि आठवी वाजली जरा उशिरानं, ती तुमची. मग तुम्ही तोंड उघडलंत—तुम्हाला परवानगी असते वाटतं—आणि म्हणालात, इथं लेखिका त्या माणसाची वकिली करतेय. वाचकाला वास येतो.

वकिली. मी जिन्यात बसलो होतो बाई, आणि मला कुणी भरचौकात थोबाडीत मारावी तसं झालं.

का म्हणजे? वाचक म्हणून हो. वाचक म्हणून सांगतो, ते वाक्य बरोबर आहे. डोकं आपटलेलं चालतं तुम्हाला, रक्त चालतं, एक डोळा लाल एक नेहमीसारखा, सगळं पटतं, पेन्सिली गप्प. माणसानं नंतर चार चांगल्या गोष्टी केल्या की लगेच टक. हा कुठला न्याय? मारणाऱ्याला हात दोन असतात ना? त्याच हातांनी तो बाकीचंही करतो. आणि बँडेज बांधणं म्हणजे नुसतं गुंडाळणं नाही, भुवईवर बांधायचं तर आधी सरळ दोन वेढे घ्यायचे, मग कानामागून एक तिरका, नाहीतर झोपेत सुटतं, मी नेहमी तसंच—

तसंच बांधतात. असं म्हणायचं होतं मला.

बरं. असू दे. तुम्ही काही दूधखुळ्या नाही. आणि तिचा बाप—आता निघालंच आहे तर—तिचा बाप पोस्टात कारकून होता, साधा माणूस, पाल दिसली तरी खोली सोडून जायचा. मुलीवर बोट उचललं नाही कधी, बायकोवर कुठलं. तो गेल्यावर हिनं त्याला मारकुटा केला गोष्टीत. कुलपं दुरुस्त करतो म्हणे गोष्टीतला बाप. का, तर मोटारी भरतो असं लिहिलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना. मेलेल्या माणसावर घातलं सगळं. मी काही बोललो नाही तेव्हा. उलट मला बरंच वाटलं—कुणी काहीही म्हणो, एवढी आठवण ठेवली तिनं, दूध तापवलेलंसुद्धा लिहिलं. तिला कळलं होतं, मी वाईट नाहीये ते. आठ पानांत तेवढं एकच वाक्य माझं होतं हो बाई. बाकीचा तो कुणीही असेल.

कपाटाचं झालं ते असं—तुम्ही विचारत नाही, पण मी सांगतो. वार्निश दिलेली कॉइल, म्हणजे मोटारीत बसवायचं तारेचं वेटोळं, वाळत ठेवली होती मी, घरातच, दुकानात जागा नव्हती. तीन दिवसांचं काम. हिनं त्याच्यावर ओला टॉवेल टाकला. मुद्दाम नाही, लिहिण्याच्या नादात. मला म्हणाली, अरे, लक्षातच नाही आलं. हसत म्हणाली. त्या हसण्यानं डोक्यात तिडीक गेली माझ्या. नाहीतर मी कशाला. एकदा आपटलं, तेव्हाच थांबलो होतो मी, ते तिनं बरोबर लिहिलंय—मग ती म्हणाली, ‘झालं?’ एवढंच. झालं? म्हणून दुसऱ्यांदा. ते ‘झालं?’ मात्र तिनं नाही लिहिलं. बघा म्हणजे. माझं सगळं लिहायचं, आपलं गाळायचं. यावर वाजवा ना पेन्सिली.

आता हाताचं. रविवारी सकाळी ती बाहेर गेली होती, मी तिच्या टेबलाशी गेलो. तुम्हाला द्यायची पक्की प्रत तिथंच होती, स्वच्छ अक्षरात. चहाचा कप घेऊन बसलो मी, खरंच प्रेमानं बसलो, म्हटलं वाचू या सावकाश. चौथ्या पानावर आलो. रक्त आहे. लाल डोळा आहे. आणि मग एकदम दुसरा दिवस उजाडतो. मला वाटलं पान राहिलं मध्ये. शोधलं. खाली कच्च्या प्रतीत सापडलं, त्या वाक्यावरून काट मारली होती, एक नाही, तीन, खालचं अक्षरसुद्धा दिसू नये अशी. कागद फाटला होता तिथं. एवढ्या जोरात.

ती आली. मी शांतपणे विचारलं, हे का खोडलंस? वर्गाला पटत नाही, म्हणाली. मी म्हटलं, वर्ग गेला खड्ड्यात, झालं होतं ना हे? तूच लिहिलं होतंस ना? बाई सांगतात म्हणून खरं खोडायचं? पिशवी खाली ठेवली तिनं, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाईंनी नाही, मीच खोडलंय. मलाही पटत नाही आता ते.’ भांडण नाही, आवाज नाही. मासिकाला चिठ्ठी लिहावी तसं बोलली. पंधरा वर्षांच्या संसारात माझं एक वाक्य होतं, तेवढंही उपटून टाकलं आणि वर सांगते, मला पटत नाही. तुम्हीच सांगा, कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल की नाही?

लाकडी हातोडी असते आमच्याकडे. कॉइल खाचेत ठोकून बसवायला. लोखंडाची नाही, तार दुखावेल म्हणून लाकडी. हात मीच धरला तिचा, मनगट, तिच्याच टेबलावर, कागदांवर. तिनं ओढला नाही. ओढला असता तर कदाचित सुटला असता. तुमच्या गोष्टींत हाड मोडताना आवाज होतो ना, सुकी काटकी मोडल्यासारखा? काही आवाज होत नाही बाई. टेबलाचाच होतो. तीन वेळा. पहिल्याला बोटं, दुसरी चुकली, टेबलाला खोक पडली, तिसरीला मनगट. आणि ती ओरडली नाही, तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली, लांब, टायरमधून जाते तशी, आणि मग ती खुर्चीवरून घसरून खाली बसली आणि टेबलाच्या पायाला डोकं टेकलं. हे खरं आहे सगळं. वर्गात वाचलं तर वाजवा पेन्सिली खुशाल, खरं आहे.

आणि मग बांधलंच ना मी. दोन फळ्यांच्या मध्ये धरून, कापूस भरून, वेढे मोजून. हॉस्पिटलात कशाला, तिथं दहा माणसं दहा प्रश्न विचारतात. दूध आणलं. कप तोंडाशी धरला, ती प्यायलीसुद्धा. सहा दिवस मी भरवतोय तिला. केस विंचरतोय. दुकान दुपारी बंद ठेवून घरी येतोय. सहा दिवस ती एक शब्द बोलली नाही, मी म्हटलं ठीक आहे, दुखत असेल. हाताची सूज कोपरापर्यंत आलीय, जरा काळानिळा आहे, उतरेल. तुम्ही परत परत दाराकडे काय बघताय? अजून वीस मिनिटं आहेत त्यांना यायला.

माझं मागणं एवढंसंच आहे. ही घ्या पक्की प्रत. इथं, चौथ्या पानावर, तुमच्या हातानं लिहा समासात—हे वाक्य परत घालावे. तुमचं ऐकते ती. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकते. आणि आज वर्गात ते वाक्यासकट वाचा, सगळ्यांसमोर, आणि सांगा त्यांना की हे खरं आहे, असं होतं, माणसं अशी असतात. तेवढं घेऊन मी घरी जातो. तिला दाखवतो. मग सगळं सुरळीत होईल.

—नाही, त्या खिशात काही नाही. ते दुसरं आहे. ते तुमच्यासाठी नाही. म्हणजे तुमच्यासाठीच लिहिलंय तिनं, पण—

बरं, घ्या. बघा. तुमचीच करणी आहे, बघा डोळे भरून. आज दुपारी घरी गेलो तर ती खिडकीत, आणि डाव्या हातानं लिहीत होती. डाव्या हातानं. पंधरा वर्षांत मला माहीत नव्हतं तिला असं येतं ते. येतं कसलं, अक्षर बघा, पहिलीतल्या पोरासारखं, ओळ सगळी उतरणीला लागलेली. एका पानाला सहा दिवस लागले असतील तिला, मी दुकानात गेलो की. आणि गोष्टीच्या डोक्यावर घरचा पत्ता लिहिलाय, गल्ली, मजला, दाराचा रंग. गोष्टीला कुणी पत्ता लिहितं? बाप नाही यात. कुलपं नाहीत. मोटारीच लिहिल्यात. माझं नाव लिहिलंय. वार, तारीख, वेळ, लाकडी हातोडी, किती वेळा, सगळं.

आणि ते वाक्य घातलंय परत. हो. घातलंय ना. मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा आनंदच झाला मला, पण पुढं वाचा—नको, द्या, मीच वाचतो. ‘मग त्यानंच बँडेज बांधलं. बांधताना तो गुणगुणत होता. मारताना नाही, बांधताना. दर वेळी गुणगुणतो, त्याला माहीत नाही. मला हातोडीची भीती वाटत नाही, ती थांबते. मला त्या गुणगुणण्याची वाटते, कारण तेव्हा तो सुखात असतो.’

हे खोटं आहे. मी नाही गुणगुणत. मला एक गाणं धड येत नाही. बाई, वाजवा ना पेन्सिल. आता वाजवा. जिथं खरं होतं तिथं आठ आठ वाजवल्यात, आता हे धडधडीत खोटं वाचतोय मी तर तुमचा हात हलत नाही? टक करा. एकदा करा. मी जाऊन सांगेन तिला, बाईंना नाही पटलं. —असं बघू नका माझ्याकडे. मी आत्ता गुणगुणत होतो? मघाशी, कागदाची घडी उलगडताना? नाही. काहीतरीच. पंखा तो.

मी काही केलं नाही तिला आज. बोटसुद्धा लावलं नाही. कागद घेतला, बाहेरून कुलूप घातलं, आणि म्हटलं आधी बाईंशी बोलू, मग घरी जाऊन बघू. डावा हात कुठं पळून जात नाही, काय घाई आहे. पिशवी? कामाची पिशवी आहे, सगळी हत्यारं असतात तिच्यात, येताना दोन रोल बँडेजचे घेतले तेही आहेत. घरातलं संपलं होतं.

निघतो मी. तुम्ही काही लिहायच्या नाही असं दिसतंय. राहू दे. ते पान ठेवा तुम्हाला ठेवायचं तर, कोण विश्वास ठेवतंय असल्या अक्षरावर. फक्त ती चावी द्या, कागदाबरोबर खिशातून निघाली ती. तुमच्या हाताखाली आहे. —बाई, चावी. तुमच्या हाताखाली आहे, मला दिसतेय ना. हात उचला. तुमचं वय काय, माझं वय काय, मला तुमची बोटं सोडवायला लावू नका. हे बघा, कशाला हा हट्ट? उचला. उचला म्हणतो ना मी.

आले वाटतं. लवकर आले. या, या हेडमास्तर, काही नाही, मी निघालोच होतो. बाईंचं काहीतरी—अहो, तुम्ही त्या बाईंना काय देताय? बाई, ती माझ्या घराची चावी आहे. आणि तुम्ही, वर्गातल्या त्या दातांच्या डॉक्टर ना? ते पान कशाला वाचताय, ते काही नाही, सरावासाठी लिहिलंय तिनं. कुठं निघालात? आणि वर्गातले हे बाकीचे तुमच्याबरोबर कशाला? अहो, ती झोपलीय, तिला उठवू नका, ती घाबरेल दार उघडल्यावर—हेडमास्तर, बाजूला व्हा. बाजूला व्हा, मी शांतपणे सांगतोय. पिशवी सोडा माझी. मला घरी जायचंय. माझं घर आहे ते.

बाई, सांगा ना यांना, मी कसा माणूस आहे ते. केव्हापासून बसलोय तुमच्यासमोर, चांगलं बोललोय. इतका वेळ मी एकटाच बोलतोय. तुम्ही काहीतरी बोला.